वन्संच्या छातीवरचा पट्टा

हे मी कुणाशीच बोललेले नाही. ह्यांच्याशी नाही, मुलींशी नाही, देवासमोरसुद्धा नाही — तिथे मी कायम मुलींच्या परीक्षा आणि माझे गुडघे एवढंच बोलत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

आधी त्या बाईची ओळख करून देते. नव्वदच्या दशकाची सुरुवात, डोंबिवली पश्चिम, पंचेचाळिशीची सुलभा — म्हणजे मीच. पोट सुटलेलं, पण ब्लाउज शिंप्याकडून असा घट्ट शिवून घ्यायची की शिंक आली तर हूक उडेल. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सकाळी मैदानावर फिरायला निघायची आणि रस्ता बापाचा असल्यासारखी चालायची. आज समोर आली तर मी तिला चार लोकांत हाक मारून हसेन. पण हसण्यासारखं एवढंच आहे.

माझ्या दादाने मस्कतहून एक यंत्र आणलेलं. छातीला बांधायचा पट्टा आणि हाताला घड्याळ. पट्टा आतून ओला करून अंगाला आवळला की हृदयाचे ठोके घड्याळात आकड्याने दिसायचे. मी बारीक व्हावं म्हणून आणलेलं बिचाऱ्याने. "सुले, एकशे चाळीसच्या वर गेलं की थांबायचं, बसायचं," एवढं मात्र त्याने पुन्हा पुन्हा बजावलं.

पण पट्टा ब्लाउजात मावेना. मावला तर फुगवटा दिसे. आणि घड्याळ तर मला मिरवायचं होतं — मग? मग मी पट्टा वन्संना बांधला.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लवकर विधवा झालेल्या, आमच्याकडेच असायच्या. त्यांची पोलकी सैल. त्यात पट्टा काय, उशीसुद्धा मावेल, असं त्याच म्हणायच्या. तर पट्टा त्यांच्या छातीवर, घड्याळ माझ्या मनगटावर. मैदानावर बायका जमल्या की मी हात पुढे करायचे, "बघा, माझे ठोके." वन्सं शेजारी उभ्या राहून पदराआड हसायच्या. घरी आल्यावर ह्यांना सांगायच्या, "अरे, काळीज माझं आणि मिरवतेय तुझी बायको."

एक अडचण होती. दोघींत हातभराहून जास्त अंतर पडलं की घड्याळात शून्य यायचं. म्हणून मी त्यांचा हात धरून चालायचे. लोकांना वाटे, काय प्रेम आहे नणंद-भावजयीत. होतं का? — होतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडते.

त्या संक्रांतीला महिला मंडळाने जोड्यांची चालण्याची शर्यत ठेवलेली. सासू-सून, नणंद-भावजय, कुणीही. खाडीपर्यंत जायचं, परत मंडळाच्या हॉलवर यायचं, आणि हात सुटला की बाद. आम्हाला तर सवयच होती.

खाडीवरून वळलो तेव्हा पुढे एकच जोडी उरलेली — समोरच्या बिल्डिंगमधली सासू-सून. ती सासू वन्संपेक्षाही म्हातारी, तरी पुढे. तेवढ्यात माझ्या हातातला वन्संचा हात गार लागला. घामाने ओला.

"सुलभा, बघ गं किती झालेत. छातीत कसंतरीच होतंय."

मी बघितलं.

किती वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की ऊन होतं, काच चकाकत होती, आकडा नीट दिसला नाही. ऊन होतंच. पण मी काचेवर हाताची सावली धरली होती — आणि नीट दिसला होता.

"एकशे वीस," मी म्हणाले. "चला वन्सं, माझ्याहून ठणठणीत आहात तुम्ही."

त्या चालल्या. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. घड्याळ माझ्याकडे होतं, मी सांगितलं होतं — अजून काय विचारणार?

आम्ही पहिल्या आलो. हॉलमध्ये वन्सं घडीच्या खुर्चीवर बसल्या. कुणीतरी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, तो मुठीत तसाच राहिला. मी कुठे होते? मी पुढे होते, बक्षीस घेत. मागे बायकांची ओरड झाली तेव्हा वळले.

दवाखान्यात ह्यांनी मला एकच विचारलं, "यंत्र काय दाखवत होतं?"

तेव्हा तरी सांगायचं. वन्सं गेलेल्याच होत्या. आता लपवून कुठली शर्यत जिंकायची होती? पण तोंडातून तेच निघालं — एकशे वीस. पहिल्यांदा चालता चालता, घाईत. दुसऱ्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत बघून, शांतपणे. हे दुसरं मला जास्त जाळतं.

ह्यांनी पट्टा आणि घड्याळ कपाटावर फेकलं. "मशीन खोटं बोललं," म्हणत राहिले. काही वर्षांनी त्यांच्याच छातीत दुखायला लागलं. ठाण्याला जाऊन मशीनवर तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले. मुली मागे लागल्या, भांडल्या, रडल्या. "ताईच्या वेळी बघितलं ना मशीन," हे म्हणाले, "मला नको." आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या एका वाक्याने ते उठून गेले असते ठाण्याला. मी भात वाढला. वरण वाढलं. तूप हवं का, विचारलं.

तेही गेले. त्या यंत्रावर राग धरूनच गेले.

बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून आहे. मंडळाने मागाहून दोघींची नावं घालून घरी पाठवलेला. रवा असतो त्यात. नात त्यावरचं दुसरं नाव वाचते आणि विचारते, "आजी, ह्या कोण गं?" मी म्हणते, "तुझ्या आजोबांची ताई. काय भरभर चालायची." ती हसते. झाकण लावते मी.

मशीन खोटं बोललं नव्हतं. एकशे शहाऐंशी दाखवत होतं.