गडग्यावरची घाणेरी

हे निवृत्त झाले आणि पोफळीची वीज प्रकल्पाची कॉलनी सोडून आम्ही संगमेश्वरजवळ ह्यांच्या गावी राहायला आलो. सामानाच्या टेम्पोत मी घाणेरीच्या चार फांद्या घेतल्या होत्या. क्वार्टरच्या कुंपणाला ती वर्षभर फुलायची, गुलाबी-पिवळी. गावच्या उघड्याबोडक्या दगडी गडग्याला जरा रंग येईल, एवढंच मनात होतं.

शेजारी काकी एकट्याच असत. मुलगा मुंबईला, घरात एक गाय. रोज सकाळी गडग्यावरून तांब्याभर दूध द्यायच्या आणि थोडं बोलून जायच्या.

पाच-सहा वर्षांत बुलबुलांनी घाणेरीची काळी फळं खाऊन बिया सगळीकडे टाकल्या. काकींच्या घरामागे परसाचं परडं, त्या परड्यामागे गुरांचं गवत असायचं, तिथे घाणेरीचं रान माजलं. मला ते रोज दिसत होतं. तोडू, तोडू म्हणत राहिले.

त्या मे महिन्यात सड्यावर, वरच्या कातळमाळावर, हिरवी काडी उरली नव्हती. गाईने घाणेरीचा पाला खाल्ला. दोन दिवसांनी तिचं रवंथ थांबलं, डोळे पिवळे झाले, उन्हात नाकपुड्यांची कातडी सोलवटली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हे विष घाणेरीचं, जनावर काळोखात ठेवा. आम्ही दोघींनी गोठ्याला माझ्या जुन्या साड्या बांधल्या. आठव्या दिवशी गाय गेली.

वाडीतली माणसं खड्डा खणत होती. काकी तिच्या गळ्यातलं दावं सोडवत बसल्या. गाठ सुटत नव्हती, पण कुणाला कापू देईनात. मी जवळ बसले आणि म्हटलं, "काकी, ही झाडं मी आणली."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "लावलीत तेव्हाच उपटून टाकणार होते. मग वाटलं, नवीन माणूस, हौसेने लावलंय."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळ्यात जमीन मऊ झाल्यावर आम्ही दोघींनी मुळं खणायला घेतली. बोलणं फारसं होत नसे. एक कोपरा साफ होईपर्यंत दुसऱ्यात फुटवे यायचे. काकींनी पुन्हा गाय घेतली नाही. पुढच्या वर्षी मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. तब्येतीचं विचारून झालं की त्या विचारतात, परड्यामागे गवत आलं का. थोडं आलंय, असं मी सांगते. आलेलं नाही.