दुभाजकाच्या टोकाला

गर्दी कमी व्हावी म्हणून नगराध्यक्षांनी आमच्या बाजारपेठेच्या मधोमध छातीएवढा सलग दुभाजक घातला. आता समोरच्या दुकानातून साधी काडेपेटी आणायची तरी पार टोकाला जाऊन वळावं लागतं. आणि ते वळण नेमकं कुठे, तर विरोधी पक्षाच्या कार्यालयासमोर. एरवी धूळ खात पडलेलं त्यांचं शटर हल्ली सकाळीच उघडतं. बाहेर मांडव, खुर्च्या, पाण्याचा माठ.

काल भर उन्हात मीही वैतागून तिथे टेकलो. शेजारच्या खुर्चीतल्या बाई पिशवी मांडीवर घेऊन नगराध्यक्षांचा उद्धार करत होत्या आणि पक्षाचे तालुकाध्यक्ष नुसती मान डोलावत होते. या गृहस्थांनी गावासाठी कधी इकडची काडी तिकडे केल्याचं मला आठवत नाही. तरी त्यांच्या दारात रोज सभा भरते, आणि ती भरवतात नगराध्यक्ष! चिडावं तरी कुणावर?

"निवडून आलात तर हा दुभाजक काढाल ना?" मी त्यांना विचारलं.

"काढू की, काका," पाण्याचा पेला माझ्यापुढे करत ते म्हणाले, "पण निवडणुकीपर्यंत त्याला कुणी हात लावायला नको."

घसा कोरडा पडला होता. मी पेला घेऊन पाणी प्यालो.