मिठाच्या पाण्यातला फासा

काचेच्या पेल्यात मिठाचं गढूळ पाणी आणि त्यात तरंगणारा जांभळा फासा… बालपण म्हटलं की मला आधी तोच दिसतो. चांगला वीस बाजूंचा! बाबा तो बोटाने बुडवायचे, सोडायचे, आणि वर कोणता आकडा येतो ते डोळे बारीक करून पाहायचे. तोच आकडा फिरून फिरून वर आला, तर फाशाच्या पोटात लबाडी आहे असं समजायचं. बाबा सातपूरच्या कारखान्यात तयार मालाची मापं तपासत. त्यामुळे आमच्या घरात दूध, रॉकेल, शेजाऱ्यांची स्तुती — काहीही पारखल्याशिवाय आत घेतलं जात नसे, आणि मी तर त्यांचीच लेक.

फासा होता निलीचा. तिचे वडील तोफखान्यात, म्हणून ती देवळाली कॅम्पात आमच्या गल्लीमागच्या क्वार्टर्समध्ये राहायची. तिच्या परदेशातल्या काकांनी तो खेळ पाठवला होता. उन्हाळ्याच्या दुपारी, वाळ्याच्या ओल्या पडद्याचा गंध कोंदलेल्या त्यांच्या खोलीत — दूर सरावाच्या तोफा धडधडत, खिडकीची तावदानं थरथरत — तिने मला आणि माझ्या धाकट्या भावाला, सुहासला, खेळायला बसवलं. पट कुठे आहे, मी विचारलं. पट नसतोच म्हणे. ती गोष्ट सांगणार, आम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार — मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. जिंकतं कोण? कोणीच नाही. मग हरतं तरी कोण? त्यावर ती नुसती हसली, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

आईला तर फासे म्हणजे जुगारच वाटायचा. म्हणून तो पेल्यातला प्रयोग झाला. ‘फासा सरळ आहे,’ बाबांनी निकाल दिला, आणि पुसून परत देताना म्हणाले, ‘आता टाकणारीकडे लक्ष ठेव.’

ठेवलं की! सुहास लगेच तलवारबहाद्दर झाला. मी झाले वाटाडी, आणि वाटेवरच्या कशावरही विश्वास ठेवीना. धर्मशाळेतला भात मी आधी मांजराला घालायला लावला. निलीने निमूटपणे गोष्टीत मांजर आणलं, त्याने भात खाल्ला, मिशा चाटल्या. विहीर दिसली की दगड टाक, म्हातारी भेटली की तिचे पाय उलटे आहेत का बघ… अशाने आपण खजिन्याच्या गुहेत दिवाळीला पोचू, असं सुहास कुरकुरायचा. पण माझा खरा संशय होता तो निलीने पुढ्यात उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशावर. फासा ती त्याच्यामागे टाकायची आणि आकडा नुसता तोंडाने सांगायची. आणि इतक्या संकटांतून गोष्टीतली मी मरत कशी नव्हते? हे काही सरळ नव्हतं.

मग तिच्या वडिलांची बदली झाली. शेवटच्या दुपारी खोलीत बांधलेल्या ट्रंका, सुतळीचा आणि कोऱ्या गोणपाटाचा वास. गोष्टीत मी दरीवरच्या कुजक्या पुलावर पाऊल टाकलं. फासा खडखडला. ‘सतरा,’ निली म्हणाली, जरा घाईनेच. ‘पोचलीस.’

मी आडोसा उचलला. फाशावर दोन होते.

निलीने फासा मुठीत झाकला नाही, सबबही सांगितली नाही. खाली बघत म्हणाली, ‘तू पडलीस तर खेळ आत्ताच संपतो. आमचा ट्रक उद्या सकाळी निघतोय.’

मी आडोसा होता तसा परत उभा केला आणि विचारलं, ‘पलीकडे काय दिसतंय?’

मग ती सांगत राहिली — डोंगर, धुकं, दिवे असलेलं गाव — आणि मी कुठेही दगड टाकून पाहिला नाही. दिवेलागणीला तिच्या आईने हाक मारली, तेव्हा आम्ही त्या गावाच्या वेशीपर्यंत आलो होतो.

निघताना तिने फासा माझ्या हातात कोंबला. पुढे निली कुठे गेली, कोण झाली, मला ठाऊक नाही. बाबाही गेले. फासा मात्र कपाटात आहे… आणि त्या वेशीवर मी अजून उभी आहे, जिवंत, न पडलेल्या सतराच्या जोरावर.