घड्याळजींच्या घरातली चिलटं

घड्याळजींनी दुरुस्त केलेलं घड्याळ पुन्हा दुरुस्तीला येत नाही, असं गल्लीत म्हणायचे. म्हणून निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आपलं मनगटी घड्याळ आठच दिवसांत पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं. घड्याळ साडेचारला थांबलं होतं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून मागचं झाकण उघडलं. आतल्या केसाएवढ्या कमानीत एक चिलट अडकून मेलं होतं.

थोडा कचरा होता, एवढंच ते म्हणाले. बाई गेल्यावर मात्र चिमट्याने ते चिलट पांढऱ्या कागदावर ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. पंख केसाळ, राखाडी, पतंगाच्या पंखांसारखे.

दुकान सोडून ते घरीच काम करू लागले त्याला सहा वर्षं झाली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर काचेची लहान लहान झाकणं, झाकणांखाली सुटे भाग. घरात धुळीचा कण दिसायचा नाही. बायको पाच महिन्यांपूर्वी गेली, आणि गेल्या तीन आठवड्यांत ही चिलटं आली. सकाळी आरशावर, दुपारी पडद्यावर, चहाच्या कपात तर हमखास. हात मारला की बोटाला करडी पूड लागायची. एक मारलं की त्याच्या तेराव्याला सगळं गोत जमावं तशी दहा हजर.

घड्याळात दोष शोधायची त्यांची रीत ठरलेली होती: एका वेळी एकच भाग तपासायचा, दोन एकदम हलवायचे नाहीत. तशीच त्यांनी चिलटंही धरली. आधी फळांची टोपली बाहेर. दोन दिवस वाट पाहिली. मग कांदे-बटाटे बाहेर. मग तुळया, माळे, कपाटांमागच्या फटी पुसून घेतल्या. मग खिडकीतली झाडं गच्चीवर. वाटीत व्हिनेगर आणि साबणाचे दोन थेंब घालून ठेवले, ते तसेच राहिले. चिलटांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्याला नाक आहे त्याने एका मिनिटात मूळ शोधलं असतं. घड्याळजींना नाक होतं ते चष्मा टेकवण्यापुरतं.

विसाव्या वर्षी एका तापात त्यांना वास येणं बंद झालं ते कायमचंच. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी करपलेल्या भाताचं तोंडभरून कौतुक केलं आणि नव्या नवरीने त्यांना पकडलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून हे दोघांचं गुपित झालं. लोकांकडे जेवायला गेलं की टेबलाखालून ती पायाने पाय दाबायची: एकदा दाबला की छान, दोनदा दाबला की गप्प बसा. घरी ती त्यांना वास सांगायची. आज साबण नवा आहे, अहो, लिंबाचा. शेजारच्यांचं काहीतरी करपलंय. बाहेर कुठेतरी रस्त्यावर डांबर ओतताहेत. ते टेबलावरून मान न उचलता हूं म्हणायचे. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्या माणसाच्या नाकाने श्वास घेतला, असं म्हटलं तरी चालेल.

गुपित सुरुवातीला गमतीचं होतं. आता ते तसं राहिलं नव्हतं. लेक दुसऱ्या शहरात राहत होती आणि आई गेल्यापासून तिने त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. तिच्या इमारतीत एका म्हाताऱ्याने गॅस उघडा ठेवला होता. तेव्हापासून तिचं एकच पालुपद. एकटे राहा, माझं काही म्हणणं नाही, पण गॅसचं काही कमीजास्त झालं तर मी तुमचं ऐकणार नाही. ते फोनवर बरं बरं म्हणायचे. लेकीच्या खोलीला खिडकी होती, पण टेबल मावेल एवढी जागा नव्हती. तिथे ते पाहुणे झाले असते, आणि कायमचा पाहुणा फार वाईट. म्हणून रोज झोपण्याआधी ते शेगडीची बटणं हाताने चाचपायचे, सिलिंडरची कळ पाहायचे, परत येऊन पुन्हा पाहायचे.

लेक शनिवारी तीन दिवसांसाठी येणार होती. ही चिलटं तिने पाहिली असती, तर पहिला प्रश्न विचारला असता: बाबा, एवढा वास येतोय, तुम्हाला कळलं कसं नाही?

गुरुवारी त्यांनी हार मानली आणि शेजारच्या शिंपीणबाईंचं दार वाजवलं. या बाईंना वाक्याला वाक्य टाके घालून जोडत बोलायची सवय होती. तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, मी आपली वाट बघत होते, कधी विचारता म्हणून. तुमच्या मोरीचा वास जिन्यापर्यंत येतो. घड्याळजी म्हणाले, सर्दी आहे. पाच महिने? शिंपीणबाईंनी विचारलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत सर्दीवरचे चार उपाय सांगितले. मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"वहिनी दर शनिवारी दुपारी मोरीची जाळी काढून आतून खरवडायच्या. तुम्ही झोपलेले असायचात. मला भिंतीतून आवाज यायचा. आता येत नाही."

घड्याळजींना हे ठाऊकच नव्हतं. शनिवारी दुपारी ते तासभर झोपायचे आणि उठायचे तेव्हा चहा तयार असायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ते घरी आले, गुडघ्यांखाली फडकं घेऊन मोरीत बसले. जाळी बसली होती घट्ट. घड्याळाचं झाकण उघडायच्या पात्याने ती उचलली. आत बोटभर जाड काळा लगदा, आणि त्यात इवल्या अळ्या वळवळत होत्या. जाळीच्या मागे, भिंतीच्या कोनाड्यात, एक जुना दात घासायचा ब्रश तारेने लांब काठीला बांधलेला सापडला. तार पिळायची तिची पद्धत त्यांनी ओळखली, उलटी, डावीकडे. त्या ब्रशने त्यांनी नळीच्या आत हात जाईल तिथपर्यंत खरवडलं, वरून उकळतं पाणी ओतलं, शुक्रवारी पुन्हा तेच केलं. दुपारी भिंतीपलीकडून शिंपीणबाईंनी दोनदा ठोकलं. शाबासकी असावी.

शनिवारी लेक आली तेव्हा आरशावर एकच चिलट होतं, तेही थकलेलं. तिने घर पाहिलं, पडदे पाहिले, फ्रिज उघडून पाहिला. बाबा, तुम्ही तर आईपेक्षा टापटीप निघालात, ती म्हणाली. जेवताना ती खोलीचा विषय काढेल असं त्यांना वाटत होतं. तिने काढला नाही.

रविवारी सकाळी तिने दूध गॅसवर ठेवलं आणि ती दाराशी शिंपीणबाईंशी बोलत उभी राहिली. शिंपीणबाईंचं बोलणं म्हणजे न संपणारं रीळ. उन्हासाठी त्या दिवशी घड्याळजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसले होते, शेगडीकडे पाठ, डोळ्याला भिंग, हातात मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ. दूध उतू गेलं, आच विझली. रस्त्यावर कोणीतरी पत्रे उतरवत होतं, त्या गोंगाटात त्यांना काही ऐकू आलं नाही. घड्याळ चालू लागलं होतं आणि त्यांचं सगळं लक्ष त्यात होतं.

लेक धावत आत आली. तिने बटण बंद केलं, खिडकी उघडली, दार उघडं टाकलं. मग वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंग लावलेल्या एका डोळ्याने तिच्याकडे बघत होते आणि त्यांना अजून काय झालंय ते समजलं नव्हतं. ते समजलं नव्हतं, हेच तिला समजलं.

"कधीपासून, बाबा?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

ती खुर्चीवर बसली. मग उठून तिने ओट्यावरून खाली टपकणारं दूध पुसून काढलं. त्या दिवशी दिवसभर त्यांनी तिच्या तोंडून खोली हा शब्द येण्याची वाट पाहिली. संध्याकाळी तिने टेबलावरचं एक काचेचं झाकण उचललं, खालचं चक्र पाहिलं, झाकण परत जसंच्या तसं ठेवलं आणि म्हणाली, हे सगळं माझ्याकडे मावणार नाही.

सोमवारी गॅसचं सिलिंडर शिंपीणबाईंकडे गेलं आणि विजेची शेगडी आली. घड्याळजींना वास येत नाही हे शिंपीणबाईंना सांगितलं गेलं. म्हणजे दुपारपर्यंत ते गल्लीला कळलं. दूधवाल्याने दूध देताना स्वतः हुंगून दाखवलं. मुख्याध्यापिकाबाई घड्याळ घ्यायला आल्या तेव्हा दयेने मोठ्याने बोलू लागल्या, जणू कान गेले आहेत. इतकी वर्षं जे दोघांचं होतं, ते आता कोणाचंही झालं.

लेकीने जाताना ठरवून दिलं होतं: शिंपीणबाईंनी रोज संध्याकाळी दारातून घराचा वास घ्यायचा. त्या पहिल्या संध्याकाळी आल्या, गळ्यात टेप, उंबऱ्यावर उभं राहून दोनदा नाक ओढलं आणि ठीक आहे म्हणून वळल्या. घड्याळजींनी त्यांना थांबवलं. बायको कधी नुसतं ठीक म्हणायची नाही, वासाचं नाव सांगायची.

"ठीक म्हणजे कसला वास येतो?"

शिंपीणबाईंनी प्रश्न नीट ऐकला. पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, श्वास घेतला.

"कसलाच नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराला कसलाच वास नाही."

बरं, घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.