साडूभाऊंचं घरगुती रेडिओ स्टेशन

आमच्या साडूभाऊंइतका स्वतःवर विश्वास असलेला माणूस सत्तरच्या दशकातल्या अख्ख्या आकुर्डीत दुसरा नव्हता. कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये आठ तास पत्रा ठोकून आलेला माणूस घरी आडवा होतो. हे चहाचा कप घेऊन थेट ‘स्टेशना’वर जात. स्टेशन म्हणजे खिडकीतलं टेबल. त्यावर बिस्किटांच्या डब्यात बसवलेला ट्रान्समीटर, मोडक्या रेडिओंच्या व्हॉल्व्हांवर चालणारा रिसीव्हर आणि मोर्सचे कट्ट-कडकट्ट संदेश पाठवायला करवतीच्या पात्याची चावी. गावोगावच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलायचा परवाना मात्र अस्सल सरकारी, देवांच्या शेजारी टांगलेला. “विकतचा सेट म्हणजे खानावळीचं जेवण,” ते म्हणत. “पोट भरतं, पण मी केलं म्हणता येत नाही.”

गच्चीवरून चिंचेपर्यंत त्यांनी एरियलची तार ताणली होती. शेजारच्या काकू तिच्यावर बिनदिक्कत धुणं वाळत घालत. एकदा साडूभाऊ खाली उभे राहून अत्यंत अदबीनं म्हणाले, “काकू, तुमच्या लुगड्यानं सिंगापूर अडवलंय.”

“मग आडू द्या की! वाळल्याबिगर काय न्हाई काढत,” काकू म्हणाल्या.

पुढे मात्र सिंगापूरच काय, नागपूरही येईना. महिनाभरात साडूभाऊंनी रिसीव्हर तीनदा खोलून पुन्हा जोडला. एका रविवारी दुपारी मी समोर बसलो होतो. त्यांनी आवाज पूर्ण वाढवलेला हेडफोन भिंतीवर आपटायचाच काय तो बाकी होता. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मीही ताईच म्हणे. तांदूळ निवडता निवडता ताई म्हणाल्या, “अहो, तो गुवाहाटीवाला मघापासून तुम्हाला हाका मारतोय.”

“तुला कसं कळलं?”

“पंधरा वर्षं ही कट्ट-कडकट्ट ऐकतेय. पोळ्या लाटता लाटता कुणीही शिकेल.”

मला हसू आलं. साडूभाऊंना आलं नाही. त्यांनी हेडफोन हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. सेट ठणठणीत होता. प्रेसशॉपनं कान नेले होते.

मग त्यांनी उठून ताईंना खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. ताईंनी ऐकायचं, साडूभाऊंच्या मनगटावर बोटानं ठोकायचं, त्यांनी चावीवरून उत्तर द्यायचं. गुवाहाटीला काही कळलंसुद्धा नाही.

निरोपानिरोपी झाल्यावर साडूभाऊंनी हळूच विचारलं, “चावीवर हात कसा आहे गं त्याचा?”

“चांगलाय,” ताई मोठ्यानं म्हणाल्या. “फक्त तुमच्यासारखाच घाई करतो.”