दारापलीकडचा फोन

त्या सकाळी आमी दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून पेरणीच्या शेंगा फोडत होतो. मी चार दाणे तोंडात टाकले तशी ती म्हणाली, "आवं, बियाणं हाय ते. तुमच्या पोटात उगवायचं न्हाई."

दुपारी ती बाजाराला निघाली आणि मागं सरकणाऱ्या टेम्पोनं तिला भिंतीशी दाबलं. वरनं खरचटलं बी नव्हतं, पण तालुक्याच्या दवाखान्यात नेईस्तोवर तोंड पांढरंफटक पडलं.

तिथं पोटातलं दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन नवंच आलेलं. त्यातलं नीट कळणारा मोठा डॉक्टर सांगलीला. इथला डॉक्टर नवखा, पण खरा. म्हणाला, मला एकट्याला जमायचं न्हाई, त्यांना फोन लावू. फोन बाहेरच्या टेबलावर, मशीन आतल्या खोलीत. नर्स सलाईनला गुंतलेली. रिसिव्हर मीच धरला. सांगलीचा सांगायचा ते मी आत ओरडायचो, आतलं उत्तर फोनात.

मशीन पोटाला लावायचं तर ती लुगड्याची गाठ सोडंना. परक्या पुरुषापुढं कशी सोडावी? मी दारातनंच म्हणालो, "सोड. माझी आण हाय तुला." तवा तिनं मूठ ढिली केली.

उजव्या बरगडीखाली लावा. लावलं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे काळी पट्टी दिसते का? नीट दिसंना. जरा मागं सरकवा. अजून मागं. दिसली, बोटभर.

"ते रक्त आहे," फोन म्हणाला. "तिथं थांबू नका. इकडं आणा, मी ऑपरेशनची तयारी ठेवतो."

जीप माधवनगरात शिरली तवा ती गेली. सांगली समोर होती.

सांजच्याला तिला अग्नी दिला. भावकी म्हणाली, फोनवरनं कुठं पोट तपासत्यात व्हय? तिची वेळ भरली होती.

"भरली नव्हती," मी म्हणालो. "सांगलीत बसून त्या माणसानं बरोबर धरलं. येळ खाल्ला त्या दारानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकाचा माणूस भायेर पडू नये म्हणून थोरला भाऊ उंबऱ्यात उभा राहिला. मी त्याला बाजूला सारलं आणि टेलिफोनच्या लाइनमनचं घर गाठलं. तो म्हणाला, आफिसची परवानगी लागती.

"परवानगी मिळंस्तोवर आणखी कुणाची बायको घालवायची, रं?"

त्यानं वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं. दवाखान्यात त्यानं दाराच्या चौकटीला भोक पाडलं, मी वायर आत ओढली. मग मशीनजवळच्या स्टुलावर फोन ठेवला आणि रिसिव्हर कानाला लावून बघितला. चालू होता.