साहेबांचा पासवर्ड

तालुक्याच्या वार्ताहराकडे छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. शहापूर-मुरबाडहून मी काही पाठवलं की संपादक विचारायचे, "यात बातमी कुठे आहे?" अहो, यातच तर होती! मुरबाडकडच्या एका सरकारी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हापासूनचे हे किस्से. ऑफिस कोणतं ते विचारू नका.

*

पहिल्या साहेबांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला आणि लगेच पासवर्ड टाकला. पुढे त्यांची बदली झाली. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, पाण्याचा स्टीलचा जगसुद्धा दिला. पासवर्ड राहिला!

फोन केला तर म्हणाले, "आठवत नाही. आणि आठवला तरी सांगणार नाही. गोपनीय असतो!"

*

लोक खिडकीशी ताटकळताहेत आणि यांचं गोपनीय! मी जाऊन भांडलो, तेव्हा कुठे शहापूरहून दिनू मेकॅनिक आला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली बटणाएवढी बॅटरी काढली, पुन्हा बसवली. पासवर्ड गायब!

नवे साहेब हादरले. "म्हणजे हे कुलूप कुणीही काढू शकतो?"

"कुणीपण नाय साहेब," दिनू म्हणाला. "स्क्रू-ड्रायव्हर लागतो!"

*

साहेबांनी नवा पासवर्ड टाकला आणि डब्याला लाखेचं सील ठोकलं. थोड्याच दिवसांत आतला पंखा बंद पडला. सील फोडायची परवानगी ठाण्याहून यायची होती. तोवर शिपाई डब्याला पुठ्ठ्याने वारा घालत होता!

*

या साहेबांची एक खोड होती. एका बोटाने टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचे. पासवर्ड अख्ख्या रांगेला पाठ! मी ते छापलं.

"सरकारी गुपित फोडलंत!" साहेब भडकले.

"मी? तुमचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो!"

त्यांनी पासवर्ड बदलला आणि ऑफिसला दम भरला, "हा ज्याला कळेल, त्याची बदली!" मग काही दिवसांनी म्हसा गावच्या जत्रेसाठी रजेवर गेले, आणि परतल्यावर पासवर्ड साफ विसरले.

खिडकीशी वैशाखरे गावची सुमन उभी. जातीच्या दाखल्यासाठी कितीदा हेलपाटे घातलेले. दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीत कागद तपासणार होते. दाखला नाही तर नाव कट. दाखला कॉम्प्युटरात तयार होता, फक्त छापायचा होता.

"हाताने लिहून द्या ना!" मी म्हणालो.

"चालत नाही!"

सगळे कारकून छताकडे बघत होते. पासवर्ड त्यांना ठाऊक होता, हे तोंडावरच दिसत होतं. पण बदली कोण ओढवून घेणार?

"टी, आय, जी, ई, आर!" सुमन खिडकीतून ओरडली.

कॉम्प्युटर उघडला! साहेब लालबुंद. "तुला कुणी सांगितला? आमच्यातलाच कुणीतरी असणार. नाव सांग!"

"आधी दाखला छापा. सही करा. मग सांगते."

प्रिंटर खरखरला. सही झाली, शिक्का बसला. सुमनने दाखला नीट वाचला आणि पिशवीत ठेवला.

"बोल आता. कोण?"

"तुमी!" सुमन म्हणाली, आणि एसटी पकडायला पळाली.